‘हओम’ : एका पवित्र वनस्पतीच्या इराणी नामाची चिकित्सा

प्रास्ताविक

‘होम’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. तो उच्चारताच कुंड, समिधा आणि तुपाची धार असे चित्र डोळ्यांसमोर येते. पारशी धर्मविधीतही ‘होम’ आहे. पण तेथे ते एका वनस्पतीचे नाव आहे. इराणातून आणलेल्या तिच्या वाळक्या काड्या धुऊन, डाळिंबाच्या डहाळीसह धातूच्या खलात कुटल्या जातात आणि त्यांचा गाळलेला रस ‘यस्न’ विधीत वापरला जातो. दोन्हीकडे अग्नी आहे, मंत्र आहेत, पुरोहित आहेत. त्यामुळे हे दोन्ही ‘होम’ मुळात एकच असावेत अशी समजूत सहज होते. ही समजूत चुकीची आहे; परंतु तिच्यातील चूक उपयोगी आहे. ती उलगडताना या इराणी नामाचे मूळ जितके स्पष्ट होते, तितके ते थेट कोशातील नोंद वाचून होत नाही.

आंक्तिल द्युपेरों याने सुरतेच्या दस्तुरांकडून शिकून १७७१ मध्ये अवेस्तेचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. तेव्हापासून पाश्चात्त्य विद्वत्तेला ‘हओम’ ठाऊक झाला. पुढे युजेन बुर्नूफ यांच्या यस्नावरील भाष्यामुळे (१८३३) अवेस्तेच्या भाषेचा संस्कृतच्या आधारे शास्त्रीय अभ्यास सुरू झाला आणि १८४६ मध्ये विंडिशमान यांनी आर्यांच्या सोमपूजेवर स्वतंत्र निबंध लिहिला. हओम आणि सोम हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत याविषयी त्यानंतर कोणाला शंका राहिली नाही. वाद राहिला तो वनस्पतीचा. एफेड्रा, हरमल, अळंबे, भांग, खसखस अशा अनेक वनस्पतींची नावे पुढे आली आणि त्यांतील बहुतेकांच्या पुरस्कर्त्यांनी नामाच्या व्युत्पत्तीला साक्षीदार म्हणून उभे केले. या साक्षीदाराला नेमके काय ठाऊक आहे आणि त्याच्या तोंडी काय घातले गेले आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन ‘होम’ आणि दोन धातू

संस्कृत व अवेस्ता या भाषांतील ध्वनींची देवाणघेवाण नियमबद्ध आहे. शब्दाच्या आरंभी किंवा दोन स्वरांच्या मध्ये संस्कृतात ‘स’ असेल तेथे इराणी भाषांत ‘ह’ येतो. सप्त–हप्त, असुर–अहुर, सिंधु–हिंदु ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. पण याच नियमाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. संस्कृतात ज्या ठिकाणी ‘ह’ दिसतो तेथे अवेस्तेत पुष्कळदा ‘ज़’ असतो. हस्त–ज़स्त, हिरण्य–ज़रन्य, हरि–ज़इरि. तेव्हा संस्कृत ‘होम’ ज्या ‘हु’ (जुहोति, म्हणजे अग्नीत ओतणे) या धातूपासून झाला, त्याचे इराणी रूप ‘ह’ने नव्हे, तर ‘ज़’ने सुरू झाले पाहिजे. तसे ते होतेही. वैदिक ‘होतृ’ हा अवेस्तेत ‘ज़ओतर’ आहे आणि ‘होत्रा’च्या जोडीला ‘ज़ओथ्र’ आहे. म्हणजे भारतीय होमाचे इराणी भाऊबंद शोधायचे तर ते ज़ओतराच्या घरी शोधावे लागतात, हओमाच्या नव्हे.

हओमाचे घर वेगळे आहे. संस्कृतातील स्वादिगणातील ‘सु’ (सुनोति) या धातूचा अर्थ अभिषव करणे, म्हणजे दाबून वा कुटून रस काढणे. त्याचे इराणी रूप ‘हु’. त्याला ‘म’ प्रत्यय लागून पूर्वकालीन हिंद-इराणी ‘सउम’ हे रूप सिद्ध होते. त्यापासून एकीकडे ‘सोम’ आणि दुसरीकडे अवेस्तेतील ‘हओम’, प्राचीन फारसीतील ‘हउम’, पहलवीतील ‘होम’ अशी परंपरा चालते. संस्कृत ‘हु’ आणि अवेस्तेचा ‘हु’ दिसायला तंतोतंत सारखे, परंतु एक ओतण्याचा धातू आहे व दुसरा पिळण्याचा. दोन सख्खे वाटणारे शब्द परस्परांचे कोणीच नसावेत आणि ‘सोम’ व ‘होम’ हे दिसायला भिन्न शब्द सख्खे असावेत, हा भाषेचा खेळ तौलनिक व्याकरणाशिवाय उमगत नाही.

या धातूचे इराणी गोत लहान आहे, पण बोलके आहे. खलाला अवेस्तेत ‘हावन’ म्हणतात. सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंतच्या प्रहराचे नाव ‘हावनि’. हओम पिळण्याची ती वेळ. वैदिक यज्ञातील प्रातःसवन, माध्यंदिन सवन यांतील ‘सवन’ हा याच कुळातील शब्द होय. यस्नाच्या नवव्या प्रकरणात हओम हा जरथुश्त्राला भेटतो तो याच हावनि वेळी, असे म्हटले आहे. तो योगायोग नसून नामाशी जुळणारी योजना आहे. फारसीत ‘हावन’ हा शब्द धर्माबाहेर पडून घरगुती खलासाठी रूढ झाला आणि हिंदी-उर्दूत ‘हावनदस्ता’ म्हणून आला. त्याचाच बिघडून ‘इमामदस्ता’ झाला. स्वयंपाकघरात वेलदोडे कुटणाऱ्याला आपण इमामाचे नव्हे, तर हओम पिळणाऱ्या प्राचीन पुरोहिताचे नाव घेत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नाही.

रसाचे नाव, वनस्पतीचे नव्हे

वरील व्युत्पत्ती जवळजवळ निर्विवाद आहे. तिचा निष्कर्ष मात्र पुरेशा गांभीर्याने घेतला गेलेला नाही. ‘हओम’ म्हणजे ‘जे पिळले ते’. हे कृतीवरून पडलेले नाव आहे. त्यात रंग नाही, आकार नाही, चव नाही, उगवण्याचे ठिकाण नाही. ‘ताक’ या शब्दावरून गाय की म्हैस हे कळत नाही. तसेच ‘पिळलेले’ या शब्दावरून काय पिळले हे कळत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाला हवी असलेली माहिती या नामात मुळातच नाही.

मग वनस्पतीला काय म्हणत? याचे उत्तर दोन्ही परंपरांत एका जुन्या शब्दाच्या रूपाने शिल्लक आहे. ऋग्वेदात सोमाच्या काडीला ‘अंशु’ म्हटले आहे आणि अवेस्तेत ‘आंसु’. यस्नाच्या नवव्या प्रकरणात हओमाला ‘लवचिक आंसूंचा’ अशा अर्थाचे विशेषण आहे. हा शब्द हिंद-इराणी काळातला असला तरी त्याचे इंडो-युरोपीय मूळ दाखवता येत नाही. अलेक्झांडर लुबोत्स्की यांनी २००१ मध्ये हिंद-इराणी भाषांतील परकीय थरातील शब्दांची छाननी केली, तिच्यात त्यांनी या शब्दाचाही समावेश केला. मध्य आशियात आधीपासून वसलेल्या लोकांकडून हिंद-इराणी भाषिकांनी तो घेतला असावा, असे हे अनुमान आहे. ते मान्य केले तर चित्र असे होते : वनस्पती व तिच्या काडीचे नाव उसने आणि तिच्यावर केलेल्या संस्काराचे नाव घरचे. एखादी नवीन वस्तू स्वीकारणारा समाज असेच करतो. वस्तूचे नाव तो देणाऱ्याकडून घेतो. तिचा विधी मात्र आपल्या धातूंतून घडवतो. हओमाच्या प्रश्नाचा सर्वांत मोलाचा भाषिक पुरावा ‘हओम’ या शब्दात नसून ‘आंसु’ या दुर्लक्षित शब्दात आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

अर्थात अवेस्तेतच ‘हओम’ हा शब्द वनस्पतीलाही लागलेला आहे. यस्नाच्या दहाव्या प्रकरणात तो पर्वतांवर उगवतो, पक्षी त्याला दूर दूर नेतात, त्याच्या खोडाची, अंकुरांची, फांद्यांची वाढ मागितली जाते. रसाचे नाव वनस्पतीकडे सरकले, हे उघड आहे. अशी सरक भारतातही झाली. परंतु तेथे एक जाणीव टिकून राहिली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात, वनस्पती कुटून सोम प्यायलो असे मानणारा आणि ब्रह्मवेत्त्यांना ठाऊक असलेला सोम यांत भेद केला आहे. नाम आणि वनस्पती यांच्यातील अंतर तेव्हाच्या कवीला दिसत होते. ते अंतर आधुनिक संशोधकाने बुजवून टाकावे, हे विचित्र आहे.

विशेषणांवर भिस्त ठेवणाऱ्यांचीही गत निराळी नाही. हओम ‘ज़इरि’ आहे, सोम ‘हरि’ आहे. पिवळा, सोनेरी, हिरवा अशा सर्व छटा या शब्दात सामावतात. मराठीतील ‘हळद’ आणि ‘हिरवा’ हे दोन्ही शब्द याच कुळाकडे नेले जातात. ज्या धातुकुळातून हळदही निघते आणि हिरवळही, त्याच्या आधारे वनस्पतीचा रंग ठरवणे किती धोक्याचे आहे हे मराठी भाषकाला वेगळे सांगायला नको. ‘दूरओष’ या विशेषणाचा पारंपरिक अर्थ ‘मरणाला दूर ठेवणारा’ असा आहे. परंतु ऋग्वेदात त्याच्या जोडीचा शब्द ‘दुरोष’ असा ऱ्हस्व उकाराने येतो आणि त्यामुळे ‘दूर’ हा घटकच संशयास्पद ठरतो. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जरथुश्त्राच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या गाथांत ‘हओम’ हे नाव कोठेही नाही. यस्नाच्या बत्तिसाव्या प्रकरणात ‘दूरओष’ येतो व अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात एका ‘मदा’चा धिक्कार येतो, एवढेच. या दोन स्थळांवरून ‘जरथुश्त्राने हओमाचा निषेध केला’ असे विधान एके काळी ठामपणे केले जात असे. ज्याचे नावही घेतलेले नाही त्याचा निषेध ठामपणे कसा सिद्ध होतो, हा प्रश्न त्यापुढे अनुत्तरित राहतो.

शिलालेख, ग्रीक लेखक आणि नामाचे मानवी रूप

अवेस्तेबाहेर हे नाव प्रथम भेटते ते हखामनी सम्राटांच्या शिलालेखांत. इसवी सनपूर्व ५२२ ते ४८६ या काळात राज्य करणाऱ्या दारयवहुच्या नक्श-इ-रुस्तम येथील लेखात त्याच्या अंकित प्रजांमध्ये ‘सका हउमवर्गा’ यांची गणना आहे. हओमाशी काही संबंध असलेले शक, एवढे निश्चित. ‘वर्गा’ म्हणजे हओम पिणारे, पसरणारे की आणखी काही, याविषयी एकमत नाही. हेरोडोटसने यांनाच ‘अमिर्गियन शक’ म्हटले. त्याच्या ग्रीक बोलीत आरंभीचा ‘ह’ गळाला आणि हओम ओळखू येईनासा झाला. प्लुटार्कने मागी पुरोहित खलात कुटत असलेल्या ‘ओमोमि’ नावाच्या वनस्पतीचा उल्लेख केला आहे. त्यात काहींनी हओम पाहिला. ध्वनी जवळचा आहे आणि खलही आहे, परंतु तेथे वर्णिलेला विधी अंधाराच्या देवतेला उद्देशून लांडग्याच्या रक्तासह केलेला आहे. हे यस्नाचे वर्णन नव्हे. फार तर दुरून ऐकलेल्या गोष्टीची सावली म्हणता येईल.

पर्सेपोलिसच्या कोषागारात हिरव्या दगडाचे खल, बत्ते आणि तबके सापडली. त्यांच्यावर अरमाइक लिपीत शाईने लिहिलेला मजकूर आहे. रेमंड बोमन यांनी १९७० मध्ये तो हओमविधीचा मजकूर म्हणून प्रसिद्ध केला. पुढे अनेकांनी दाखवून दिले की त्यात विधीपेक्षा हिशेबाची भाषा अधिक आहे : कोणी दिले, कोणाकडे दिले, कोणत्या वर्षी. हा आक्षेप सबळ आहे. तरीही बत्त्यासाठी तेथे वापरलेला जो शब्द ‘अबिशवन’ असा वाचला जातो, तो भाषेच्या अभ्यासकाने हातचा सोडू नये. हा संस्कृत ‘अभिषवण’ होय. ‘इ’कारानंतर ‘स’चा इराणीत ‘ह’ न होता ‘श’ होतो, संस्कृतात ‘ष’ होतो. त्यामुळे हओमाच्या धातूचे मूळचे ‘स’कारी रूप इराणी भूमीवर या एका शब्दात ओळखू येते. विधी तेथे झाला असो वा नसो, भांड्याचे नाव विधीच्या भाषेतून आले आहे.

इराणात या नामाचे पुढे जे झाले ते भारतापेक्षा फार वेगळे आहे. भारतात सोम आकाशात गेला आणि चंद्र झाला. इराणात चंद्र ‘माह’च राहिला आणि हओम माणसात उतरला. यस्नाच्या नवव्या प्रकरणात तो देखण्या पुरुषाच्या रूपात बोलतो आणि आपल्याला प्रथम कोणी पिळले याची वंशावळ सांगतो : विवह्वन्त व त्याचा पुत्र यिम, आथ्व्य व त्याचा पुत्र थ्रएतओन, थ्रित व त्याचे दोन पुत्र, आणि शेवटी पोउरुशस्प व त्याचा पुत्र जरथुश्त्र. विवस्वान्–यम आणि आप्त्य–त्रित ही नावे ऋग्वेदाच्या वाचकाला ओळखीचीच वाटतील. अकराव्या प्रकरणात हओमाने तूरानी फ्रङ्रस्यन याला जखडल्याचा उल्लेख आहे. हाच फ्रङ्रस्यन म्हणजे फारसी महाकाव्यातील अफ्रासियाब. फिरदौसीच्या शाहनाम्यात त्याला गुहेत पकडतो तो ‘होम’ नावाचा फरीदूनच्या वंशातला एक तपस्वी. देव नाही, रस नाही, झुडूप नाही. डोंगरात राहणारा एक म्हातारा साधू. शब्दाचा अर्थ कळेनासा झाला की असे घडते. ‘हु’ हा धातू बोलीभाषेतून नाहीसा झाला होता, पिळण्यासाठी फारसीत ‘फशुर्दन’ रूढ झाले होते आणि ‘होम’ हे केवळ नाव उरले होते. केवळ नाव उरलेला शब्द कोणालाही चिकटू शकतो, माणसाला आणि झुडपालाही.

व्युत्पत्तीवर उभारलेले दावे

हा अर्थलोप ध्यानात घेतला म्हणजे आधुनिक दाव्यांची परीक्षा सोपी होते.

कराचीचे एस. महदीहसन यांनी आपल्या अनेक निबंधांतून ‘हओम’ हा शब्दच चिनी असल्याचे प्रतिपादन केले. चिनी भाषेत ‘मा’ म्हणजे भांग-तागासारखी तंतुवनस्पती आणि एफेड्राचे चिनी नाव ‘मा-ह्वांग’. तेव्हा तशाच एखाद्या चिनी जोडशब्दापासून हओम व हओमापासून सोम झाला, अशी ही मांडणी. वनस्पतीविषयी त्यांचे मत कदाचित बरोबर असेल. शब्दाविषयीचे मत टिकत नाही. ‘स’चा ‘ह’ होणे हा इराणी भाषांचा नियम आहे. ‘ह’चा ‘स’ होणे हा संस्कृतचा नियम नाही. शिवाय सोम व सुनोति, सवन व हावन असे संपूर्ण कुटुंब समोर असताना त्यातील एकाच अपत्याला परदेशी ठरवणे शास्त्राला धरून नाही.

वासिली अबायेव यांचे मत अधिक विद्वत्तापूर्ण आहे आणि म्हणूनच अधिक मोहक. कॉकेशस पर्वतातील ओसेटिक ही शकांच्या भाषाकुळातील आज जिवंत असलेली इराणी भाषा. तीत बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप वेलीला ‘खुमल्लग’ म्हणतात. याची फोड त्यांनी ‘हउम आर्यक’, म्हणजे ‘आर्यांचा हओम’ अशी केली. हॉपचे फिनिश नाव ‘हुमाला’, रशियन नाव ‘ख्मेल’, मध्ययुगीन लॅटिन नाव ‘हुमुलुस’. म्हणजे अर्ध्या युरोपच्या पेयात हओमाचे नाव विरघळलेले आहे असे चित्र तयार होते. चित्र सुंदर आहे. परंतु ‘आर्य हओम’ हा समास अन्य कोणत्याही इराणी भाषेत आढळत नाही, आणि तुर्की, फिनिश, स्लाव्ह व जर्मानिक भाषांत पसरलेला हा शब्द कोणी कोणाकडून घेतला हे अद्याप ठरलेले नाही. जो शब्द इतक्या दारांतून आत-बाहेर गेला आहे, त्याच्या जन्माचा दाखला एकाच घरातून काढता येत नाही.

आर. गॉर्डन वॉसन यांचे १९६८ चे पुस्तक फार गाजले. सोम म्हणजे लाल टोपीचे विषारी अळंबे, हा त्यांचा सिद्धान्त. ऋग्वेदात सोमाची पाने, मुळे, बिया यांचा उल्लेख नाही या मौनावर त्यांचा मोठा भर होता. जॉन ब्रफ यांनी १९७१ मध्ये वैदिक बाजूने त्यांचा प्रतिवाद केला. पण इराणी बाजूने प्रतिवाद याहून सोपा होता : यस्नाच्या दहाव्या प्रकरणात हओमाला फांद्या आहेत. अळंब्याला फांद्या नसतात. वॉसन यांच्या उत्साही वाचकांनी अवेस्ता उघडून पाहिली असती तर पुष्कळ शाई वाचली असती.

सर्वांत गंभीर आव्हान आले ते डेव्हिड फ्लॅटरी आणि मार्टिन श्वार्ट्झ यांच्या १९८९ च्या ग्रंथातून. एक वनस्पतीचा जाणकार, दुसरा इराणी भाषांचा. त्यांच्या मते हओम म्हणजे हरमल. एफेड्रा उत्तेजक आहे, पण दिव्यदर्शन घडवण्याची शक्ती तिच्यात नाही. हरमलमध्ये ती आहे. शिवाय हरमलचे फारसी नाव ‘इस्पंद’. ते अवेस्तेतील ‘स्पेन्त’, म्हणजे ‘पवित्र’, या शब्दापासून आलेले आहे. ज्या झुडपाला सबंध इराणी प्रदेशाने ‘पवित्र’ हेच नाव दिले तेच मूळचे पवित्र पेय असले पाहिजे, असा हा तर्क आहे.

या तर्काचे उत्तर पुन्हा नामाच्या अर्थातच आहे. ‘हओम’ हे कृतिवाचक नाव आहे व ती कृती पिळण्याची आहे. इस्पंदाशी इराणी लोकाचारात जोडलेली प्रमुख कृती जाळण्याची आहे. दृष्ट काढण्यासाठी त्याच्या बिया निखाऱ्यावर टाकतात आणि त्या तडतडतात; हा आचार इराणापासून अफगाणिस्तानापर्यंत आजही घरोघरी आहे. धूर देणारी वनस्पती पवित्र असू शकते, पण त्यामुळे ती पिळलेली ठरत नाही. दोन नावे दोन वेगळ्या पावित्र्यांची आहेत. आणि ‘हओमाने दिव्यदर्शन घडलेच पाहिजे’ ही अट ग्रंथांची नसून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची आहे. यस्न सांगतो ते एवढेच की इतर सर्व मदांच्या मागून क्रोध येतो, हओमाच्या मदामागून ऋत येते. हॅरी फाल्क यांनी त्याच वर्षी, १९८९ मध्ये, वैदिक वर्णने प्रामुख्याने जागरणाची व स्फूर्तीची आहेत, भ्रमाची नाहीत, हे दाखवून एफेड्राची बाजू पुन्हा मांडली. रात्रभर चालणाऱ्या अतिरात्रासारख्या यागाचा विचार करता हे पटण्यासारखे आहे.

पुरातत्त्वाच्या बाजूने आलेला पुरावा थोडक्यात सांगता येतो. तुर्कमेनिस्तानातील मार्जियाना प्रदेशात व्हिक्टर सारियानिदी यांना एफेड्रा, भांग आणि खसखस यांचे अवशेष सापडल्याचा दावा गाजला. बाकेल्स यांनी २००३ मध्ये नमुन्यांची फेरतपासणी केली तेव्हा तेथे वरी-बाजरीसारख्या धान्याचे ठसेच दिसले. तारिम खोऱ्यातील प्राचीन दफनांत एफेड्राच्या काड्यांच्या जुड्या मात्र खरोखरच मिळाल्या आहेत; ऑरेल स्टाइन यांनी त्यांची नोंद केली होती. तथापि मृताशेजारी ठेवलेल्या जुडीवर नाव लिहिलेले नसते.

झुडपाचे नाव आणि पर्यायाचा आरोप

उरतो तो एफेड्राच्या बाजूचा नामाधारित पुरावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अफगाण सीमा आयोगाबरोबर गेलेले वनस्पतिशास्त्रज्ञ एचिसन यांना, आणि इराणात दीर्घकाळ राहिलेले हूटम-शिंडलर यांच्यामार्फत जर्मन पंडित रोट यांना, ‘हूम’ या स्थानिक नावाची माहिती मिळाली. यझ्दचे जरथुश्त्री ज्या काड्या वापरत व मुंबईच्या पारशांना पाठवत, त्या एफेड्राच्या होत्या. फारसी ‘हूम’, बलुची ‘हुम’ व ‘उमान’, पश्तू ‘ओमान’ अशी नावे त्यानंतर नोंदली गेली.

या पुराव्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मूळ वनस्पती हरवल्यावर पुरोहितांनी सोयीचा पर्याय म्हणून एफेड्रा घेतली व तिला जुने नाव दिले. गावकऱ्यांनी ते पुरोहितांकडून उचलले. हा आक्षेप वरवर निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तो एका जिवंत समाजाच्या सहस्रावधी वर्षांच्या विधीला ‘बदली’चा शिक्का मारतो, तोही बहुधा दुसरी एखादी वनस्पती सिद्ध करण्याच्या गरजेतून. त्यामुळे त्याची कसोटी काटेकोर असली पाहिजे.

यझ्दची साक्ष एकटी असती तर आक्षेप टिकला असता. तेथे पुरोहित आणि वनस्पती शेजारी शेजारी आहेत. बलुची नावेही फारसीकडून आलेली असू शकतात. परंतु पश्तूचे तसे नाही. ‘हप्त’चे पश्तूत ‘ओवः’ झाले. म्हणजे आरंभीचा ‘ह’ गळणे हा त्या भाषेचा स्वतःचा जुना स्वभाव आहे. ‘ओमान’मध्येही तोच ‘ह’ गळलेला आहे. उशिरा फारसी पुरोहिताच्या तोंडून ऐकलेला शब्द या जुन्या चाळणीतून गेला नसता, ‘हूम’ म्हणूनच राहिला असता. शिवाय पश्तू बोलणारे कित्येक शतके मुसलमान आहेत. हओमविधी त्यांच्यात नाही, हओमाची आठवणही नाही. आहे ते केवळ डोंगरउतारावरील एका निष्पर्ण, सांधेदार काड्यांच्या झुडपाचे नाव. ज्यांना या नावातून काहीही सिद्ध करायचे नाही, त्यांची साक्ष न्यायालयात अधिक वजनदार मानली जाते. पश्तू साक्षीने ऋग्वेदातील कवी काय पिळत होते हे ठरत नाही. परंतु पूर्व इराणी भाषिकांत हे नाव पुरोहितांच्या मध्यस्थीशिवाय एफेड्राला लागलेले होते, असे म्हणण्यास ती पुरेशी आहे. बदल झाला असेल तर तो इतका जुना असला पाहिजे की त्याला ‘बदल’ म्हणणाऱ्यावरच पुराव्याची जबाबदारी येते.

खरा पर्याय कसा दिसतो, हे पाहायचे असेल तर भारताकडे वळावे. येथे मूळ वनस्पती दुर्मीळ झाली तेव्हा ब्राह्मणग्रंथांनी ‘पूतीका’ आदी पर्याय उघडपणे सांगितले. पर्यायाला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखले. पुढे दक्षिणेत ज्या वेली यज्ञात आल्या त्यांना ‘सोमवल्ली’, ‘सोमलता’ अशी सामासिक नावे मिळाली. नेपाळीत एफेड्रालाही ‘सोमलता’ म्हणतात, आणि तेथेही समासच आहे. ‘सोमाची वेल’ म्हणताना सोम आणि वेल यांत भेद कल्पिलेला असतो. इराणी भाषांत असा समास झाला नाही. तेथे झुडूप म्हणजे होमच, बिनजोड. नामाचा हा साधा फरक वनस्पतिशोधाच्या प्रचंड वाङ्मयात जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे.

हे दोन प्रकार काही काळ एकमेकांपासून फार दूर नव्हते. मार्टिन हाउग १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करीत होते. पारशी धर्मग्रंथांवरील त्यांचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत छापले गेले आणि १८६३ मध्ये त्यांचे ऐतरेय ब्राह्मण प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी पुण्याजवळच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या वनस्पतीपासून याज्ञिकांनी काढलेला सोमरस स्वतः चाखल्याचे लिहिले आहे. रस पांढुरका, कडू आणि काही चमच्यांपलीकडे पिणे अशक्य. आणि ही वनस्पती वेदातील सोम नव्हे, असेही त्यांनी तेथेच नोंदवले. त्याच काळात मुंबईत पारशी मोबेद इराणहून आलेल्या वाळक्या होमाच्या काड्या खलात कुटत होते. पुण्याच्या टेकडीवरची वेल ताजी होती, पण तिला ‘सोम’ म्हणताना शेजारी ‘वल्ली’ जोडावे लागत होते; मुंबईच्या काड्या समुद्र ओलांडून वाळून आल्या होत्या आणि त्यांचे नाव ‘होम’ एवढेच होते.